मरमेड (शब्द)

मरमेड : कमरेच्या वर स्त्री आणि खाली माशाचे शेपूट असलेल्या कल्पित समुद्री जीवाचे इंग्रजी नाव. मराठीत आपण त्याला मत्स्यकन्या किंवा जलपरी म्हणतो. मूळ इंग्रजी शब्दात मात्र मासा कुठेच नाही, आणि या शब्दाचा सगळा इतिहास तिथूनच उलगडतो.

शब्दाचा पहिला भाग जुन्या इंग्रजीतल्या ‘मेरे’वरून आला. त्याचा अर्थ समुद्र किंवा मोठे तळे. लॅटिन ‘मारे’ आणि जर्मन ‘मेर’ ही त्याचीच भावंडे. इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवराच्या नावात तो अजून ऐकू येतो; समुद्र या अर्थाने मात्र तो बोलण्यातून केव्हाच गेला. दुसरा भाग ‘मेड’. आज या शब्दाने घरकाम करणारी बाई डोळ्यांपुढे येते, पण इथे जुना अर्थ घ्यायचा : लग्न न झालेली तरुणी. कन्यादान, कन्याकुमारी या शब्दांतली ‘कन्या’ हीच. तेव्हा मरमेडचा सरळ अर्थ होतो सागरकन्या. जर्मन ‘मेरयुंगफ्राउ’ची घडण अगदी अशीच आहे.

जुन्या इंग्रजीत याच्याही आधीचा ‘मेरेविफ’, म्हणजे जलस्त्री, हा शब्द सापडतो. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात तो ग्रेंडेल राक्षसाच्या आईसाठी येतो. ती पाण्याच्या तळाशी राहते, पण तिला शेपूट नाही.

मग शेपूट आले कुठून? ग्रीक पुराणकथांतल्या सायरन गाऊन खलाशांना भुलवत, पण त्यांचे अर्धे अंग पक्ष्याचे होते. मध्ययुगाच्या आरंभी ‘लिबर मॉन्स्ट्रोरम’ या लॅटिन ग्रंथात त्यांना खवल्यांचे शेपूट मिळाले, आणि सायरन व सागरकन्या हळूहळू एकच मानल्या जाऊ लागल्या. चौदाव्या शतकात एका फ्रेंच काव्याच्या इंग्रजी अनुवादात, जो चॉसर या इंग्रजी कवीचा मानला जातो, कवी थांबून वाचकाला समजावतो : आपण इथे इंग्रजीत यांना ‘मरमेडन’ म्हणतो, फ्रान्समध्ये लोक ‘सिरेन’ म्हणतात. दोन शब्दांची गाठ पडताना इतकी स्पष्ट दिसावी, हे विरळाच. फ्रेंचमध्ये ‘सिरेन’ आजही मत्स्यकन्याच, आणि समुद्रगाईच्या गणाचे शास्त्रीय नाव सिरेनिया हेही त्यावरूनच पडले.

मराठी शब्दांची वाट निराळी. ‘मत्स्यकन्या’ शेपटाकडे बोट दाखवतो. विग्रह केला तर तो ‘माशाची मुलगी’ असाही होतो, आणि त्या अर्थाने महाभारतातली मत्स्यगंधा सत्यवती खरी मत्स्यकन्या : शापाने मासोळी झालेल्या अद्रिका अप्सरेच्या पोटी ती जन्मली. तिचे शरीर मात्र पूर्ण मानवी आहे. ‘जलपरी’तली परी फारसीतली, पंखांची, तिला ‘जल’ जोडून पाण्यात उतरवले आहे. फारसीतही सागरकन्येला ‘दर्याची परी’ म्हणतात. कथेतल्या प्राण्यासाठी मत्स्यकन्या हा शब्द अधिक नेमका, कारण जलपरीला मराठीत दुसरे काम मिळाले आहे : पोहण्यात पदक जिंकणाऱ्या मुलीला वर्तमानपत्रे कौतुकाने जलपरी म्हणतात.