जेडेक आयडी म्हणजे नंबर प्लेट, एसएफडीपी म्हणजे आरसी बुक

बर्डीवर राऊटर दुरुस्त करणारी पोरं असोत की कॉलेजात लिनक्स ड्रायव्हर शिकणारी, एक वाक्य मला सारखं ऐकू येतं: "आयडी आला ना बे, ओळखली चिप." ते ऐकून मी आता खरंच थकलो आहे. आयडी आल्यानं फ्लॅश मेमरीची चिप (राऊटरचा प्रोग्राम जिच्यात साठवलेला असतो ती) ओळखली जात नाही.

९एफ कमांड दिली की एसपीआय नॉर (या फ्लॅश मेमरीचा एक प्रकार) चिप तीन बाइट देते, तोच जेडेक आयडी. ईएफ ४० १८ आलं तर ईएफ म्हणजे विनबॉन्ड. १८ हे हेक्समधलं (१६ च्या पायाचं), म्हणजे नेहमीच्या अंकात २४. २ चा २४ वा घात इतके बाइट, म्हणजे १६ एमबी. शेवटच्या बाइटात आकार लिहायचा ही रूढी आहे, नियम नाही. (चिपवर छापलेलं १२८ मेगाबिटमध्ये असतं, त्याला ८ ने भागा.)

आता खरा घोळ. एमएच ३१ पाहून गाडी नागपूरची हे कळतं, इंजिन किती सीसीचं ते प्लेटवर नसतं. आयडीचंही तसंच. तो घेऊन ड्रायव्हर स्वतःच्या तक्त्यात नोंद शोधतो. एसएफडीपी, म्हणजे चिपची स्वतःबद्दलची माहिती, मात्र चिपच्याच पोटात असतं. ५ए कमांडनं ते वाचायचं. मिटवायचा ब्लॉक केवढा, कोणत्या कमांडनं मिटवायचा, किती तारांवर वाचता येतं, सगळं त्यात.

मॅक्रॉनिक्सची एमएक्स२५एल२५६३५ घ्या. तिच्या ई आणि एफ या दोन्ही आवृत्त्यांचा आयडी एकच, सी२ २० १९. चिप ३२ एमबीची, आणि ३ बाइटांचा पत्ता १६ एमबीतच संपतो. एफला ४ बाइटी पत्त्याच्या स्वतंत्र कमांड समजतात. ईला आधी ४ बाइटी मोडमध्ये न्यावं लागतं. ती त्याच मोडमध्ये असताना बोर्ड रीबूट झाला, तर बूट रॉम (बोर्ड सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा कोड) पत्त्याचे ३ बाइट पाठवतो, चिप चौथ्याची वाट पाहते आणि बोर्ड तिथेच अडकतो. आयडी कितीही वेळा वाचा, हा फरक दिसणार नाही. लिनक्स तो एसएफडीपीतून काढतं: त्यात ४-४-४ जलद वाचन (कमांड, पत्ता, डेटा तिन्ही चार तारांवर) नोंदलेलं असेल तर एफ, नाहीतर ई. म्हणून माझं ठाम मत, आधी एसएफडीपी वाचा. तक्ता ठेवा तो जुन्या चिपांसाठी आणि एसएफडीपीतल्या चुका दुरुस्त करायला.

आणि एफएफ एफएफ एफएफ आलं की "ड्रायव्हरला ही चिप माहीत नाही" म्हणणं कृपा करून सोडा. तो आयडीच नव्हे, चिप बोललेलीच नाही. माझ्या टेबलावर तीनदा तेच आलं. भिंगाखाली धरली तर पहिल्या पायावर, म्हणजे चिप सिलेक्टवर (चिपला "तुझ्याशीच बोलतोय" असं सांगणारा पाय), फ्लक्सचा (सोल्डरिंगला लावतात ते) पिवळा थर. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून चिप वाचायची क्लिप पुन्हा लावली आणि ईएफ ४० १८ आलं. चिप काढायला हॉट एअर तापवून ठेवलं होतं, ते बंद केलं.