पार्श्वभूमी: ईसीएम खरोखर ‘गेला’ हे कसे ठरते, आणि तो बदलणे इतके अवघड का झाले

इंजिन सांभाळणारा संगणक, म्हणजेच ईसीएम, मोटारीत आला तो वेग वाढवायला नव्हे. तो आला लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की, त्या शहरावर साचणारे आणि डोळे चुरचुरवणारे धुरके मोटारी व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर उन्हाची क्रिया होऊन तयार होते. पुढे १९७०च्या क्लीन एअर ॲक्टने अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांना बजावले, की १९७५पर्यंत नव्या गाड्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड नव्वद टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत. मुदत पुढे ढकलली गेली, पण हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या यांत्रिक कार्बोरेटरचे दिवस तेव्हाच भरले.

कारण सरळ होते. सायलेन्सरच्या वाटेत बसवलेला उत्प्रेरक हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तिन्ही घातक वायू एकाच वेळी आटोक्यात ठेवतो, पण पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण फारसे न हलता टिकले तरच. थंड सकाळ, चढाचा घाट, पेट्रोल सोडणारे पण जुने झालेले जेट, चोंदलेला एअर फिल्टर या सगळ्यांत कार्बोरेटरला ते जमणे शक्य नव्हते. १९७६मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत बॉश या जर्मन कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर बसवला. जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते हा सेन्सर सांगतो, आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त केले जाते. हे काम क्षणाक्षणाला करायचे तर इलेक्ट्रॉनिक डोकेच हवे.

असे डोके त्याआधीही होते. १९५८च्या काही क्रायस्लर गाड्यांत बेंडिक्सची इलेक्ट्रॉनिक इंधनफवारणी दिली गेली. ती टिकली नाही, पण तिचे पेटंट बॉशकडे गेले आणि १९६७मध्ये फोक्सवॅगनमध्ये डी-जेट्रॉनिक ही इंधनफवारणी आली. तिच्यात संगणक नव्हता, नुसते ट्रान्झिस्टरचे मंडल होते. मायक्रोप्रोसेसर आला १९७७च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोमध्ये, आणि तोही फक्त ठिणगीची वेळ सांभाळायला. इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच डब्यात आणणारे बॉशचे मोट्रॉनिक १९७९च्या बीएमडब्ल्यू ७३२आयमध्ये बसले.

गॅरेजच्या दृष्टीने मला १९८१ हे वर्ष जास्त महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांत संगणक घातला आणि त्याला स्वतःचे दुखणे लक्षात ठेवायला शिकवले. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा आला. डॅशखालच्या कपलरमधल्या (वायरी जोडायच्या सॉकेटमधल्या) दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे. एकदा, मग थांबून दोनदा लुकलुकला, म्हणजे कोड १२: निदानयंत्रणा जागी आहे. कोड वाचणारा स्कॅनर नको, परवाना नको. संगणक बदलायचा तर जुन्या डब्यातली छोटी स्मरणचिप काढून नव्यात बसवायची, कारण त्या मॉडेलचा हिशेब तिच्यातच असे. काही स्क्रू, एक चिप, आणि गाडी चालू.

मात्र प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, कपलर वेगळे. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९८८च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःचे दोष ओळखणे सक्तीचे केले, आणि १९९६पासून संपूर्ण अमेरिकेत त्याची प्रमाणित पद्धत, ओबीडी-२, लागू झाली. सोळा पिनांचा एकच कपलर, कोडची एकच भाषा. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१मध्ये आले, भारतात बीएस-४ या प्रदूषण-नियमांसोबत: एप्रिल २०१०पासून पहिला टप्पा, एप्रिल २०१३पासून दुसरा.

इथेच एक गैरसमज रुजला. स्कॅनर लावला की तो बिघडलेला पार्ट सांगतो, असे गिऱ्हाइकालाच काय, कित्येक मेकॅनिकनाही वाटू लागले. कोड सांगतो ते एवढेच, की अमुक सर्किटमधून येणारा आकडा अपेक्षेबाहेर आहे. ईसीएमने स्वतःवर बोट ठेवावे असे कोडही आहेत, जसे स्मरणातल्या चुकीचा पी०६०१ किंवा प्रोसेसरचा पी०६०६. पण पार मेलेला ईसीएम स्कॅनरशी बोलतच नाही, आणि जिवंत असूनही तो गप्प बसू शकतो. त्याच्या पॉवरचा रिले किंवा फ्यूज गेलेला असतो. अर्थिंगची वायर गंजलेली असते. सेन्सरना पुरवल्या जाणाऱ्या ५ व्होल्टच्या लाइनवर एखादा सेन्सर शॉर्ट झालेला असतो; तो लाइन खाली ओढतो आणि सगळे काही बंद दिसते. अशा वेळी एकेक सेन्सरचा कपलर काढत जावे, दोषी कपलर निघाला की ५ व्होल्ट परत येतात. म्हणून पॉवर, अर्थ आणि ५ व्होल्ट मल्टिमीटरने तपासल्याशिवाय ईसीएमला दोष देणे मला अन्यायाचे वाटते, गिऱ्हाइकाच्या खिशावर तर नक्कीच. आणि ईसीएम खरोखर जळला असेल, तर तो कशाने जळला हे आधी शोधायला हवे. शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल तशीच ठेवून नवा ईसीएम बसवला, की त्याचाही कॉइल चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर उडतो.

तरी कधीकधी दोष खरोखर डब्यातच असतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदीच्या सुरुवातीला बनलेल्या अनेक जपानी गाड्यांच्या ईसीएममधले कपॅसिटर काळाच्या ओघात गळू लागले आणि त्यातल्या द्रवाने बोर्डवरचे तांब्याचे मार्ग खाल्ले. याहून मोठे उदाहरण ऑगस्ट २०१०चे आहे. टोयोटाने अमेरिका आणि कॅनडातल्या २००५ ते २००८ मॉडेलच्या सुमारे ११.३ लाख कोरोला आणि मॅट्रिक्स गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या ईसीएममध्ये काही सोल्डर जोडांना, किंवा जादा व्होल्टेजपासून सर्किट वाचवणाऱ्या व्हॅरिस्टरना, चीर जाण्याची शक्यता होती. परिणाम असे: चेक इंजिनचा दिवा लागणे, गिअर झटक्याने पडणे, किंवा इंजिन सुरूच न होणे, क्वचित चालत्या गाडीत इंजिन बंद पडणे. उपाय एकच होता, ईसीएम बदलणे. अशी चीर तापल्यावर उघडते आणि निवल्यावर मिटते, म्हणून गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ठीक झालेली असू शकते. ‘आमच्याकडे तर नीट चालतेय’ हे उत्तर ऐकून परत गेलेल्या गाडीमालकांची तक्रार खोटी नसते ती यामुळे.

बदलणे अवघड झाले ते मात्र चोरीमुळे. युरोपीय महासंघाने ऑक्टोबर १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. किल्लीतल्या चिपचा क्रमांक जुळल्याशिवाय ईसीएम इंधन सोडत नाही. चोराला अडवणारी हीच सोय कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेल्या ईसीएमलाही अडवते: तोच पार्ट नंबर, तोच कपलर, स्टार्टर फिरतो, इंजिन मात्र लागत नाही. त्याला या गाडीची किल्ली ओळखता येत नाही, चासी नंबरही दुसऱ्याच गाडीचा असतो. कोडिंग करावे लागते, म्हणजे या गाडीची ओळख त्यात भरावी लागते, आणि कोडिंगची चावी कंपनीच्या हातात.

भारतात हा सगळा प्रवास दाटीवाटीने झाला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९मध्ये दिल्ली परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांसाठी १ जूनपासून युरो-१ आणि पुढच्या एप्रिलपासून युरो-२ ही प्रदूषण-मानके ठरवून दिली, आणि कार्बोरेटर सोडून एमपीएफआयकडे (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंधनफवारणीकडे) वळण्याशिवाय कंपन्यांपुढे मार्ग उरला नाही. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावर आधारलेले २००३चे वाहन इंधन धोरण आले आणि देशभराचे वेळापत्रक ठरले. ठिणगी देणारे जुने यांत्रिक डेल्को आणि पॉइंट सेट करण्यात हात बसलेल्या फिटरला काही वर्षांत स्कॅनर घ्यावा लागला. तो परवडला तरी कंपनीचे सॉफ्टवेअर मिळेना. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ला १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नेमका यासाठी: सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल. आदेशाला आव्हान दिले गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२मध्येच दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला होता. शिवाय तिथे ईसीएमवर ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांची प्रदूषण-वॉरंटी कायद्यानेच मिळते.

एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आले आणि शंभर सीसीच्या मोटारसायकलीतही इंधनफवारणी आणि ईसीएम बसला. ती गाडी तालुक्याच्या गावात दुरुस्त होते, जिथे सर्व्हिस सेंटर तीस-चाळीस किलोमीटरवर असते. तिथल्या मेकॅनिकला मल्टिमीटर वापरता येतो, वायरिंग डायग्रॅम मिळाला तर तो वाचायलाही शिकेल. तो डायग्रॅम त्याच्यापर्यंत पोचवणे ही कंपन्यांची जबाबदारी आहे, आणि ती त्यांच्यावर कायद्यानेच टाकायला हवी.