पार्श्वभूमी : स्वतःच्या पानावरचे मराठी लेखन आणि अर्ध्या ‘र’चा तिढा

आपली कविता, ललित किंवा प्रवासवर्णन संपादकाच्या होकाराची वाट न पाहता वाचकापुढे ठेवावे, ही इच्छा मराठीत इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. १९०९पासून दिवाळी अंकांनी नव्या लेखकांना वर्षातून एकदा जागा दिली, पण निवड संपादकाचीच राहिली. १९५४मध्ये मुंबईतल्या काही तरुण कवींनी सायक्लोस्टाइल केलेल्या पानांवर आपले अनियतकालिक काढले आणि साठच्या दशकात त्याची चळवळ झाली. तो इतिहास बराच लिहिला गेला आहे. त्यानंतरची मोठी उडी संगणकाच्या पडद्यावर झाली. ती कशी झाली आणि का रखडली, याबद्दल मात्र फारच थोडे लिहिले गेले.

नव्वदच्या दशकात डीटीपीवर, म्हणजे संगणकावर पाने जुळवून, मराठी उत्तम छापले जात होते. अडचण मजकूर कागदाबाहेर पडला की सुरू होई. प्रत्येक फॉन्टने रोमन अक्षरांच्या घरात आपापल्या सोयीने देवनागरी बसवली होती. एका फॉन्टमध्ये लिहिलेली कविता दुसऱ्याच्या संगणकावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता होऊन उतरायची. वृत्तपत्रांनी पानासोबत आपोआप येणारे फॉन्ट वापरून वेळ निभावली, तरी ते एकाच ब्राउझरवर चालत आणि शोधयंत्राला त्यातले काही वाचता येत नसे. घरी बसून लिहिणाऱ्याकडे तेवढीही साधने नव्हती. १९९६च्या गणेशचतुर्थीला परदेशस्थ मराठी मंडळींनी सुरू केलेल्या संकेतस्थळावर सुरुवातीची बरीच मराठी रोमन लिपीतच लिहिली गेली. त्या लेखनातली ओढ खरी होती आणि लिपीची उपासमारही.

प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ची. तीत देवनागरी होती, पण ती घरच्या संगणकापर्यंत पोचायला दहा वर्षे गेली. २००१च्या विंडोज एक्सपीवरही देवनागरी नीट दिसण्यासाठी मूळ सीडी घालून वेगळी सोय बसवावी लागे. दरम्यान १९९९मध्ये ब्लॉगची फुकट पाने देणारी एक सेवा निघाली होती. २००३मध्ये ती एका बड्या शोधयंत्र कंपनीने विकत घेतली. २००४मध्ये थेट पानावरच मराठी टंकता येईल असे युनिकोड संकेतस्थळ आले. ‘बरहा’ आणि ‘गमभन’सारख्या साधनांमुळे इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक न शिकताही उच्चारानुसार लिहिता येऊ लागले. लोक नोकरी सांभाळून रात्री कथा लिहू लागले, आणि टोपणनावाने कविता लिहिणाऱ्यांना हजारो मैलांवरून त्याच रात्री दाद मिळू लागली. मराठी गद्यात त्या चार-पाच वर्षांत जो मोकळेपणा आला त्याची नोंद वाङ्मयेतिहासात व्हायला हवी.

याच काळात अर्ध्या ‘र’चा तिढा उभा राहिला. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘येणाऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द टाळून मराठीत परिच्छेदही लिहिता येत नाही. हिंदीला हा आकार लागत नाही, त्यामुळे देवनागरीची सोय करताना तो कडेला पडला. ‘र’ला हलन्त देऊन ‘य’ जोडला की संगणक रफार काढतो आणि ‘दुसर्या’ असे रूप मिळते. फरक नुसता दिसण्याचा नाही. ‘आचार्यांना’ दक्षिणा दिली आणि ‘आचाऱ्यांना’ दक्षिणा दिली, यात गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे.

युनिकोडने दोन वाटा मान्य केल्या. पहिलीत ‘र’ आणि हलन्तानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह घालायचे. ही वाट जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवली गेली. दुसरीत नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ‘ऱ’ वापरायचा. तो मुळात द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेला आहे. व्याकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांना पहिली वाट रास्त वाटते. ‘दुसरा’चे ‘दुसऱ्या’ होते तेव्हा शब्दात ‘र’च असतो, मग परक्या भाषेसाठी ठेवलेले अक्षर का घ्यावे, हा त्यांचा सवाल. सवाल चुकीचा नाही. पण मजकूर एका जागेहून दुसरीकडे नेताना अनेक प्रणाली ते अदृश्य चिन्ह गाळून टाकत, आणि लेखकाने काळजीपूर्वक लिहिलेली ‘दुसऱ्या’ची सगळी रूपे रफारात बदलत. शिवाय दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसत असली तरी आत वेगळी साठवलेली असतात, त्यामुळे एका रूपाने शोध घेतला की दुसऱ्या रूपातली कथा सापडेलच असे नाही. जो मजकूर स्थलांतरात टिकत नाही तो व्याकरणाने कितीही शुद्ध असो, लेखकाच्या कामाचा नाही. म्हणून ‘ऱ’ची वाटच बरोबर, असे माझे ठाम मत आहे. हे त्या वेळी कोणी स्पष्ट सांगितले असते तर जुन्या लेखनातला बराच घोळ टळला असता. टंकनाची साधने आपापल्या मनाने एक-एक वाट धरत गेली, आणि लिहिणाऱ्याला आपण कोणत्या वाटेवर आहोत हे कळतही नव्हते.

‘ॲ’चेही असेच झाले. ‘ॲसिड’, ‘ॲप’ यांतले हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८मध्ये आले. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून काम चालवले जाई, म्हणून त्याचीही आज दोन रूपे सापडतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ विंडोजसोबत येणाऱ्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये नव्हते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि ही वळणे प्रमाण ठरवली, तेव्हा हौशी लेखकांची पहिली पिढी लिहून मोकळी झाली होती.

पुढे लेखन समाजमाध्यमांवर आणि मोबाइलवर गेले. फुकट पाने देणारी एक जुनी सेवा २००९मध्ये बंद झाली, तर गप्पांचे एक लोकप्रिय ठिकाण २०१४मध्ये. युनिकोडमधले लेखन ज्यांनी उतरवून घेतले त्यांना ते जसेच्या तसे नव्या जागी ठेवता आले. फॉन्टच्या काळातले लेखन जिथे संग्रहात उरले आहे तिथे ते रोमन अक्षरांच्या रांगा दाखवते. मूळ फॉन्ट ओळखता आला, तर परिवर्तक वापरून ते आजही युनिकोडमध्ये आणता येते. अर्धा ‘र’ मात्र नंतर डोळ्यांनीच तपासावा लागतो.