मोबाइल अध्ययन व्यवस्थापन प्रणाली

पाठ, स्वाध्याय, चाचण्या, हजेरी आणि गुण यांचा कारभार विद्यार्थी व शिक्षक या दोघांनाही फोनवरून चालवता यावा म्हणून बांधलेली सॉफ्टवेअर यंत्रणा. बोलताना तिला ‘एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम) ॲप’ म्हणतात. संगणकासाठी केलेले संकेतस्थळ छोट्या पडद्यावर नीट दिसू लागले, एवढ्याने ती तयार होत नाही. संकेतस्थळ इंटरनेट चालू आहे असे गृहीत धरते. फोनवरच्या प्रणालीला ते मध्येच जाणार हे धरून चालावे लागते. तिची बहुतेक रचना या एका फरकातून येते.

मार्टिन डूगियामास यांनी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकसित केलेल्या ‘मूडल’ची १.० आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. ही मुक्तस्रोत (जिचा कोड सर्वांना खुला असतो अशी) प्रणाली महाविद्यालयांत आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि तिचे मोबाइल ॲपही मुक्तस्रोत आहे. ‘गूगल क्लासरूम’ २०१४ मध्ये सुरू झाले. भारतात २०१७ मध्ये आलेले ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत पायावर उभे आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या पाठाचे साहित्य उघडते. ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षणही २०२० पासून दीक्षावर ऑनलाइन घेतले गेले.

प्रणालीचे तीन भाग असतात : सर्व्हर आणि त्यावरचा मुख्य डेटाबेस, फोनवरचे ॲप, आणि सर्व्हर व ॲप यांच्यात माहितीची ने-आण करणारा दुवा म्हणजे एपीआय. ॲपमध्ये स्वतःचा छोटा डेटाबेस हवा. त्यासाठी बहुधा एसक्यूलाइट वापरतात. पडद्यावर जे दिसते ते नेहमी या स्थानिक डेटाबेसमधून वाचावे आणि सर्व्हरशी देवाणघेवाण मागे स्वतंत्रपणे चालू ठेवावी. प्रत्येक बटणामागे थेट सर्व्हरला विनंती पाठवणारे ॲप कार्यालयातल्या वाय-फायवर झकास चालते आणि रेंज नसलेल्या वर्गात फिरणाऱ्या चक्रावर अडकते. नंतर ही रचना बदलायची तर ॲप जवळपास नव्याने लिहावे लागते, म्हणून हा निर्णय पहिल्याच आठवड्यात व्हावा.

खरी कसोटी समक्रमणाची, म्हणजे सिंकची. विद्यार्थ्याने उत्तर टिपले की ते फोनवरच्या रांगेत एक ओळ म्हणून साठते. त्या ओळीत फोननेच तयार केलेला अद्वितीय क्रमांक (यूयूआयडी), विद्यार्थी, प्रश्न, प्रश्नाची आवृत्ती, उत्तर, फोनवरची वेळ आणि ‘पाठवायचे आहे’ ही स्थिती असते. जोडणी मिळाली की रांग सर्व्हरकडे जाते, आणि पोच आल्यावरच ओळ काढली जाते. पुष्कळदा सर्व्हरला उत्तर मिळते, पण पोच परत येताना रेंज जाते. मग फोन तेच उत्तर पुन्हा पाठवतो. सर्व्हरच्या तक्त्यात यूयूआयडीवर अद्वितीयतेचे बंधन नसेल तर एकाच विद्यार्थ्याच्या नावावर दोन प्रयत्न पडतात आणि गुणपत्रक चुकते.

फोनच्या घड्याळावर विसंबू नये. ते मागे-पुढे करता येते आणि मुदतीच्या दिवशी मुले ते करतातही. दर संपर्कात सर्व्हरची वेळ आणि फोन चालू झाल्यापासूनचा काळ यांची जोडी टिपून ठेवावी व त्यावरून सादर केल्याची वेळ काढावी. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर हा हिशेब तुटतो; अशी सादरीकरणे आपोआप नाकारण्यापेक्षा खूण करून शिक्षकांपुढे ठेवणे न्याय्य ठरते. याच कारणामुळे वेळेचे बंधन असलेली चाचणी मूडलच्या ॲपमध्ये ऑफलाइन सोडवता येत नाही. इतर चाचण्यांनाही शिक्षकाने तशी परवानगी द्यावी लागते. गुण धरायचे असतील तर उत्तरसूची फोनवर उतरवूच नये, सरावापुरती चालेल.

शिक्षकाने चुकीचे उत्तर दुरुस्त केले, पण निम्म्या वर्गाने चाचणी आधीच डाउनलोड केली होती, हे दर सत्रात घडते. म्हणून प्रश्नाची आवृत्ती उत्तरासोबत साठवावी आणि तपासणी सर्व्हरवर पुन्हा करता यावी. मूडलने प्रश्नपेढीत आवृत्त्यांची सोय ४.० मध्ये, २०२२ साली आणली.

मराठी मजकुराची तुलना हा वेगळाच घोळ आहे. ‘ॲल्युमिनिअम’मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. काही कळफलक आजही अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे देतात. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाला वेगळी, आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारे युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ‘ऱ्हास’ लिहिताना कोणी ऱ वापरतो, तर कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. तुलनेआधी अशा जोड्यांचा स्वतःचा तक्ता लावावा, ० ते ९ हे अंक इंग्रजी अंकांशी जुळवावेत आणि मोकळ्या जागा छाटाव्यात. नाहीतर बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शून्य मिळतो, आणि असा अन्याय एकदा झाला की वर्गाचा ॲपवरचा विश्वास उडतो. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव टंकांतल्या फाइली आधी युनिकोडमध्ये बदलाव्यात. तोवर त्यांत शोध चालत नाही. पालकांना मराठीत एसएमएस पाठवायचा तर एका संदेशात १६० ऐवजी ७० च वर्ण मावतात, त्यामुळे खर्च वाढतो.

दहा मिनिटांचा व्हिडिओ सेकंदाला ४०० किलोबिट या दराने सुमारे ३० एमबी होतो. पाठ दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत द्यावा, आणि तुटलेले डाउनलोड जिथे थांबले तिथून पुढे चालू व्हावे. वहीच्या पानाचा फोटो फोनवरच लांब बाजूला १६०० पिक्सेलपर्यंत छोटा केला तरी अक्षर नीट वाचता येते. छोटा न करता ६० मुलांनी प्रत्येकी ४ एमबीचा फोटो पाठवला तर एका स्वाध्यायाचे २४० एमबी होतात.

अँड्रॉइडवर पार्श्वभूमीतले ठरावीक काम वर्कमॅनेजर या अँड्रॉइडच्या साधनाद्वारे १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही, आणि बॅटरी वाचवण्यासाठी ते आणखी पुढे ढकलले जाते. म्हणून ‘तीन उत्तरे पाठवायची बाकी’ अशी पट्टी आणि ‘आत्ता पाठवा’ हे बटण ठळक हवे. वीज परतली किंवा चाचणी उघडली की सगळे फोन एकाच क्षणी धावतात. प्रत्येकाने काही सेकंद यादृच्छिक थांबावे आणि अपयशानंतरचे अंतर दुप्पट करत जावे, म्हणजे सर्व्हर झोपत नाही.

शिक्षकांची बाजू सर्वांत दुर्लक्षित राहते. साठ जणांची हजेरी घेताना सर्वांना आधीच ‘हजर’ धरून फक्त गैरहजरांवर बोट ठेवायचे, अशी मांडणी वेळ वाचवते. दोन शिक्षकांनी एकाच मुलाचे गुण भरले तर शेवटची नोंद आधीचीवर लिहू नये. दोन्ही इतिहासात राहाव्यात.

घरात एकच फोन आणि भावंडे दोन, ही परिस्थिती सर्रास असते. म्हणून ॲपमध्ये एकाहून अधिक खाती, प्रत्येकाची वेगळी रांग आणि वेगळा पिन असावा. लॉगआउट करताना न पाठवलेली उत्तरे पुसली जाणार नाहीत याची खात्री करावी. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हा मूळ नियम आहे. त्यामुळे जन्मतारीख, ठिकाण किंवा संपर्कयादी गरज नसताना मागूच नये.