पडद्यावर सगळं ठीक होतं

१० जून १९९५. रात्रीचे साडेदहा वाजत आले होते. बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेलं ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ वाळूच्या उथळ पट्ट्यावर रुतलं. जहाजावर दीड हजार माणसं होती, पण सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. इंजिन ठणठणीत होतं आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षात, प्रशिक्षित अधिकारी होते. तरीही जहाज ठरलेल्या मार्गापासून १७ सागरी मैल बाजूला गेलं होतं आणि ब्रिजवर कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

झालं होतं ते अगदी किरकोळ. बंदर सोडल्यावर तासाभराच्या आत जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. यंत्र बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. पण ते चालूच राहिलं आणि जहाजाचा वेग व दिशा धरून ‘आपण आता इथे असू’ असा अंदाज दाखवू लागलं. वारा आणि प्रवाह जहाजाला किती ढकलतात, हे या हिशेबात धरलं जात नव्हतं. इशारा म्हणून यंत्राने सेकंदभर मनगटी घड्याळासारखी बारीक पिप केली आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘डीआर’ (डेड रेकनिंग, म्हणजे अंदाजाने काढलेली जागा) ही दोन छोटी अक्षरं उमटली. ऑटोपायलट त्याच आकड्यांवर विसंबून पुढचे सुमारे ३४ तास जहाज हाकत राहिला.

मला या गोष्टीत केबलपेक्षा माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. वाटेत एक बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, लागायला हवा होता. नेमक्या वेळी रडारवर ठिपका दिसला आणि अधिकाऱ्याने तो हाच बोया म्हणून मान्य केला. खरं तर तो कित्येक मैल पश्चिमेचा दुसराच बोया होता. पुढचा बोया तर दिसलाच नाही. तरी सेकंड ऑफिसरने कप्तानाला ‘दिसला’ असं सांगितलं, कारण जीपीएसच्या मते तो मागे पडला होता. टेहळणीवरच्या खलाशाने समोर पांढरट पाणी दिसतंय असं कळवलं, तेही ऐकून सोडून दिलं गेलं. किनाऱ्यावरच्या रेडिओ मनोऱ्यांवरून जागा सांगणारं लोरान यंत्र शेजारीच चालू होतं, पण त्याचे आकडे कुणी ताडून पाहिले नाहीत. खोली मोजणाऱ्या यंत्राचा इशारा तर शून्य मीटरवर लावलेला होता, म्हणजे तो वाजणारच नव्हता.

डोळ्यांनी पाहिलेलं आणि पडद्यावरचं यांत तफावत आली तेव्हा पडद्यावर विश्वास ठेवला गेला. आळशी किंवा बेफिकीर माणसंच असं वागतात असं नाही. वर्षानुवर्षं बरोबर निघालेल्या यंत्राशी आपण सगळेच असे वागतो.

आता हेच ब्रिज जहाजावरून उचलून किनाऱ्यावरच्या खोलीत नेलं तर? स्वायत्त जहाजांची कल्पना थोडीफार तशीच आहे. नॉर्वेचं ‘यारा बिर्कलँड’ हे ८० मीटर लांबीचं, बॅटरीवर चालणारं मालवाहू जहाज २०२२ पासून खताचे कंटेनर नेतं. सुरुवातीला माणसं सोबत ठेवायची आणि हळूहळू देखरेख किनाऱ्यावरच्या केंद्राकडे द्यायची, असा तिथला बेत. आपल्याकडे २०२४ साली पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनिअरिंगची ‘मातंगी’ ही स्वायत्त नौका मुंबईहून तुतिकोरिनला, सुमारे १५०० किलोमीटरच्या प्रवासाला निघाली.

या जहाजांच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद होतो: बहुतेक सागरी अपघात माणसाच्या चुकीने होतात, म्हणून माणूस काढा. यात एक खोट आहे. माणसाने वेळेवर सुकाणू फिरवून टाळलेले अपघात कुठल्याच नोंदवहीत येत नाहीत. शिवाय माणूस जात नाहीच, त्याची खुर्ची फक्त हलते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझेन बेनब्रिज यांनी १९८३ सालीच यातली विसंगती दाखवली होती: सोपी कामं यंत्राला दिली की माणसाकडे उरतं ते सगळ्यात अवघड काम, आणि त्याचा हात बसावा असा रोजचा सराव मात्र यंत्राने काढून घेतलेला असतो.

नुसतं पाहत बसणं हेही काम आहे आणि ते माणसाला जमत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्यांची नजर चुकू लागली, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारखी एक तबकडी केली. काटा ठरावीक टप्प्याने पुढे सरके आणि क्वचित दुप्पट उडी मारी. ती उडी पकडायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या हातून उड्या निसटायला लागल्या. जहाजावरची पहाऱ्याची पाळी, म्हणजे वॉच, चार तासांची असते.

शिवाय बोटीवरचा माणूस नुसत्या डोळ्यांनी जहाज चालवत नाही. इंजिनाची थरथर बदलली की झोपेतही त्याला कळतं. जहाज कलून उशिरा सावरतंय, हे पायांना आधी समजतं. किनाऱ्यावरच्या खोलीत जमीन हलत नाही. युरोपच्या ‘म्युनिन’ प्रकल्पात एका चालकाने सहा जहाजांवर लक्ष ठेवावं अशी कल्पना होती. पाच जहाजं शांत असताना सहाव्याचा इशारा वाजला, तर आधी ‘हे कुठलं, आहे कुठे, आजूबाजूला कोण आहे’ इथपासून सुरुवात. भरलेलं मोठं जहाज थांबायलाच काही किलोमीटर घेतं, त्यात हा वेळ मिळवा.

प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, एसटीसीडब्ल्यू, १९७८ चा आहे. आपल्या कोकणातल्या बोटीवर जाणाऱ्या मुलांची प्रमाणपत्रंही त्याच चौकटीतली. पण ती चौकट धरून चालते की खलाशी जहाजावर आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत स्वायत्त जहाजांच्या संहितेचं काम चालू आहे आणि ती २०३२ पासून बंधनकारक व्हावी असा बेत आहे. कप्तान जहाजावर नसला तरी प्रत्येक जहाजाला जबाबदार कप्तान असलाच पाहिजे, यावर तिथे एकमत झालंय. त्या कप्तानाला शिकवायचं काय, हे ठरवणं त्याहून कठीण.

माझ्या मते वादळ, आग, टक्कर हे सिम्युलेटरवर आधीपासून शिकवतात, ते राहू द्या. त्यात नवी भर पडायला हवी ती खोटं बोलणाऱ्या यंत्रांची. २०१७ साली काळ्या समुद्रात वीसहून अधिक जहाजांच्या जीपीएसने ती जहाजं जमिनीवरच्या विमानतळावर उभी असल्याचं दाखवलं. विमानतळ दिसला म्हणून लगेच कळलं. तोच फसवा संकेत जहाजाला समुद्रातच दोन मैल सरकवून दाखवता, तर? तेव्हा दुसऱ्या स्वतंत्र साधनाशी ताडून पाहण्याची सवय हाडीमासी खिळायला हवी. आणि एक सराव तर मुद्दाम कंटाळवाणा ठेवावा. प्रशिक्षणार्थीला चार तास पडद्यासमोर बसवायचं, सगळे दिवे हिरवे, सगळे आकडे जागेवर. तिसऱ्या तासात कधीतरी सेकंदभर बारीक पिप करायची आणि कोपऱ्यात दोन छोटी अक्षरं उमटवायची.