पाहुण्यांसाठी बंद गॅलरी : अर्जेंटिनातल्या बारा वर्षांच्या बंदीची पार्श्वभूमी

१० जून २०१३ रोजी अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरात एस्तुदियांतेस आणि लानुस या दोन क्लबांचा सामना होता. लानुसहून आलेल्या समर्थकांची फाटकापाशी गर्दी झाली, पोलिसांशी रेटारेटी झाली आणि पोलिसांनी जवळून झाडलेली रबरी गोळी लागून लानुसचा एक समर्थक मरण पावला. सामना मध्यंतरानंतर पुढे गेलाच नाही. त्यानंतर अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने आणि सरकारने ठरवलं की पहिल्या श्रेणीच्या सामन्यांना पाहुण्या संघाचे समर्थक येणार नाहीत. गोळी पोलिसाची होती आणि घरी बसायला सांगितलं गेलं समर्थकांना. या विषयाकडे पाहताना ही विसंगती सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते. हंगामाच्या उरलेल्या फेऱ्यांपुरता म्हणून सुरू झालेला हा उपाय पुढे बारा वर्षं चालला, आणि त्या सगळ्या काळात लोक लपूनछपून परक्या मैदानांवर जातच राहिले.

ते का जात राहिले हे समजायला तिथला भूगोल माहीत हवा. पहिल्या श्रेणीतले निम्म्याच्या आसपास क्लब राजधानी ब्यूनस आयर्स आणि त्याला चिकटलेल्या उपनगरांत आहेत. अवेयानेदामध्ये रेसिंग आणि इंडिपेंडिएंते या हाडवैऱ्यांची दोन स्टेडियमं एकमेकांपासून पायी काही मिनिटांवर उभी आहेत. दुसऱ्याच्या मैदानावर जायचं म्हणजे सिटी बसमध्ये किंवा लोकलमध्ये बसायचं, एवढंच. क्लब म्हणजे मोहल्ला, आणि मोहल्ला म्हणजे आजोबा, बाप, काका. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपला संघ दुसऱ्याच्या अंगणात खेळत असताना ढोल, झेंडे आणि गाणी घेऊन त्याच्या पाठीशी उभं राहणं ही तिथे निष्ठेची कसोटी मानली जाते. घरच्या मैदानावर कोणीही येतो, बाहेरच्या मैदानावर आपली माणसं येतात, अशी तिथली समजूत आहे.

आता मागे जाऊ. हिंसाचार नवा नव्हता आणि त्यातला पोलिसांचा वाटाही नवा नव्हता. १९५८ मध्ये वेलेझ आणि रिव्हर प्लेट यांच्या सामन्यात पोलिसांनी झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं लागून एक तरुण प्रेक्षक मेला. क्लबच्या पदाधिकाऱ्यांच्या आश्रयाने वाढलेल्या संघटित टोळ्यांचा, म्हणजे बार्रा ब्रावांचा, इतिहास बरेच अभ्यासक त्याच काळापासून मांडतात. या टोळ्यांना क्लबकडून फुकट तिकिटं मिळायची, प्रवासाचे पैसे मिळायचे. बदल्यात क्लबच्या निवडणुकीत आणि बैठकीत त्या सांगितलेल्या माणसाच्या बाजूने ओरडायच्या. पुढे पार्किंगची वसुली, तिकिटांचा काळाबाजार, स्टेडियमबाहेरच्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांकडून हप्ता असा धंदा वाढत गेला. राजकीय पक्षांनाही सभेसाठी माणसं लागतात. ती कुठून मिळतात हे सगळ्यांना माहीत होतं.

मग २३ जून १९६८. या तारखेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पाहुण्या समर्थकांचा प्रश्न अर्जेंटिनात पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन पोचतो. रिव्हरच्या मोनुमेंटाल स्टेडियमवर रिव्हर विरुद्ध बोका ज्युनियर्स हा सामना ०-० असा बरोबरीत सुटला. बोकाचे समर्थक वरच्या गॅलरीतून बारा नंबरच्या दाराकडे जिना उतरू लागले. खाली वाट अडली होती आणि वरचे लोक उतरतच राहिले. त्या जिन्यात ७१ जण चेंगरून मेले. त्यातले बहुतेक पोरसवदा होते, सरासरी वय विशीच्या आत. दार बंद होतं, फिरकी फाटकं काढलेली नव्हती की पोलिसांनी लोकांना मागे रेटलं, यावर वाद झाले, खटला चालला, आणि शेवटी कोणालाही शिक्षा झाली नाही. ते ७१ जण पाहुणे होते. पाहुण्यांना कुठल्या दाराने आत घ्यायचं आणि कुठल्या वाटेने सुखरूप बाहेर काढायचं ही यजमान क्लबची आणि पोलिसांची जबाबदारी असते. ती कोणी, कशी सांभाळावी याचा धडा या घटनेतून घेता आला असता. तो घेतला गेला नाही.

१९८५ मध्ये अवेयानेदात इंडिपेंडिएंते आणि बोका यांच्या सामन्यात गॅलरीतला चौदा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच वर्षी खेळाच्या मैदानावरील हिंसेविरुद्धचा पहिला स्वतंत्र कायदा झाला. तो मांडणाऱ्या फर्नांदो दे ला रुआ यांच्या नावानेच तो ओळखला जातो. हेच दे ला रुआ पुढे देशाचे अध्यक्ष झाले. कायद्याने शिक्षा वाढवल्या, पण टोळ्यांच्या पैशाला हात लागला नाही. ३० एप्रिल १९९४ रोजी रिव्हरने बोकाला त्यांच्याच बोंबोनेरा मैदानावर २-० असं हरवलं. सामना संपल्यावर बोकाच्या टोळीने परतणाऱ्या रिव्हर समर्थकांना वाटेत गाठलं आणि दोघांना ठार केलं. नंतर शहरातल्या भिंतींवर ‘रिव्हर २, बोका २’ असं रंगवलेलं दिसलं. दोन खुनांचा हिशोब गोलांसारखा मांडला गेला होता.

बंदीचा पहिला टप्पा २००७ मध्ये आला. जूनमध्ये मताडेरोस भागात नुएवा शिकागो आणि तिग्रे यांच्यात कोण वर जाणार आणि कोण खाली घसरणार हे ठरवणारा सामना होता. शेवटच्या क्षणांत लोक मैदानात घुसले, मारामाऱ्या रस्त्यावर पसरल्या आणि तिग्रेचा एक समर्थक मारला गेला. त्यानंतर खालच्या श्रेणींच्या सामन्यांना पाहुण्या समर्थकांवर बंदी आली. मोठी वर्तमानपत्रं आणि दूरदर्शन वाहिन्या त्या श्रेणींकडे फारसं पाहत नाहीत, त्यामुळे गवगवा झाला नाही. २०१३ मध्ये जेव्हा मोठ्या क्लबांवर तीच वेळ आली, तेव्हा छोट्या क्लबांचे समर्थक वर्षानुवर्षं ती भोगत होते.

२०१३ ची बंदी कदाचित काही फेऱ्यांत उठलीही असती. पण पुढच्याच महिन्यात बोका आणि सान लोरेन्सो यांच्यात एक मैत्रीपूर्ण सामना ठरला. त्या दिवशी स्टेडियमच्या परिसरात बोकाच्याच टोळीच्या दोन गटांत गोळीबार झाला आणि दोघे मेले. सान लोरेन्सोच्या माणसांचा त्यात काही संबंध नव्हता. भांडण होतं टोळीचा ताबा कोणाकडे याचं. तरीही त्यानंतर पाहुण्यांची बंदी आणखी घट्ट झाली. माझ्या मते खरी मेख इथे आहे. तोपर्यंत अर्जेंटिनातले फुटबॉलशी निगडित खून मोठ्या प्रमाणात एकाच क्लबच्या आतले झाले होते, आणि उपाय मात्र दोन क्लबांना वेगळं ठेवण्याचा केला गेला.

हा उपाय अर्जेंटिनाने शोधलेला नव्हता. इंग्लंडमध्ये १९७७ मध्ये चेल्सीच्या समर्थकांना बाहेरच्या सामन्यांना जायला बंदी घातली गेली. तरी मे महिन्यात वुल्व्हरहॅम्प्टनला, जिथे चेल्सीची बढती पक्की झाली, त्यांचे समर्थक मोठ्या संख्येने हजर होतेच. लुटन टाउन या क्लबने, १९८५ मध्ये मिलवॉल क्लबच्या समर्थकांनी तिथे घातलेल्या दंग्यानंतर, १९८६ पासून चार हंगाम पाहुण्यांना आपल्या केनिलवर्थ रोड मैदानावर येऊ दिलं नाही आणि घरच्या प्रेक्षकांसाठी सभासद-ओळखपत्रं काढली. लीगने त्याबद्दल त्यांना १९८६-८७ च्या लीग चषकातून बाहेर काढलं. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला तेच ओळखपत्र देशभर सक्तीचं करायचं होतं. पण हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर लॉर्ड टेलर यांच्या अहवालाने १९९० मध्ये ती कल्पना बाजूला सारली आणि मैदानांच्या बांधणीकडे, आसनांकडे आणि पोलिसांच्या कामाकडे बोट दाखवलं. इंग्लंडने पुढे तो रस्ता धरला. आज तिथे पाहुण्यांचा कोपरा हा जवळपास प्रत्येक सामन्याचा भाग आहे.

अर्जेंटिनात लोकांनी आपापल्या वाटा काढल्या. सगळ्यात रुळलेली वाट ‘तटस्थ’ प्रेक्षकाची. छोट्या क्लबाकडे बोका किंवा रिव्हर खेळायला येणार असेल तर तो तटस्थांसाठी म्हणून एक गॅलरी खुली करायचा, तिकिटं विकायचा, आणि ती गॅलरी पाहुण्यांच्या माणसांनी भरायची. अट एकच, रंग दाखवायचे नाहीत. छोट्या क्लबाच्या तिजोरीत त्या एका दिवसात जेवढे पैसे यायचे, तेवढे एरवी अनेक सामन्यांत येत नसत. दुसरी वाट चुलतभावाचं, मेहुण्याचं किंवा ऑफिसातल्या मित्राचं सभासदकार्ड मागून घेण्याची. अंगात साधा शर्ट घालायचा, बसायच्या जागेचं तिकीट घ्यायचं, आणि आपल्या संघाने गोल केला तरी हात मांडीवर ठेवून समोर पाहत राहायचं. ज्याला हे जमायचं नाही, ज्याच्या तोंडून आवाज निघायचा, त्याला आजूबाजूचे ओढून बाहेर काढायचे, बऱ्याचदा मारायचेही.

यात धोका वाढला होता हे उघड आहे. पूर्वी पाहुणा आपल्या हजारो माणसांत, कुंपणापलीकडे, पोलिसांच्या कड्यात उभा असायचा. आता तो यजमानांच्या गॅलरीत एकटा होता, आणि प्रत्येक अनोळखी चेहरा संशयित ठरू शकत होता. १५ एप्रिल २०१७ रोजी कोर्दोबाच्या मारिओ केम्पेस स्टेडियमवर बेल्ग्रानो विरुद्ध ताय्येरेस हा सामना चालू होता. प्रेक्षक फक्त बेल्ग्रानोचे. गॅलरीत एका तरुणाला एक माणूस दिसला. त्या तरुणाच्या भावाच्या अपघाती मृत्यूला हा माणूस जबाबदार आहे, असं तरुणाच्या घरचे मानत होते. दोघांची बाचाबाची झाली. त्या माणसाने बोट दाखवून आरडाओरडा केला की हा ताय्येरेसचा आहे. तरुण बेल्ग्रानोचाच समर्थक होता. पण जमावाने विचारलं नाही. त्याला मारत, ढकलत नेलं, तो गॅलरीवरून खाली पडला आणि दोन दिवसांनी मरण पावला. ओरडणाऱ्याला पुढे शिक्षा झाली. पाहुणे नसलेल्या स्टेडियममध्ये ‘पाहुणा’ हा नुसता आरोपच जीव घेण्याइतका जड झाला होता. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या कोणाकडूनही मला या घटनेचं पटणारं उत्तर मिळालेलं नाही.

आणखी दोन घटना जगभर गाजल्या. मे २०१५ मध्ये बोंबोनेरावर कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या सामन्यात मध्यंतरानंतर मैदानात येणाऱ्या रिव्हरच्या खेळाडूंवर बोगद्यात तिखट द्रव फवारला गेला. बोकाला स्पर्धेतून बाद केलं गेलं. त्या दिवशी स्टेडियममध्ये रिव्हरच्या समर्थकांना प्रवेश नव्हता. २०१८ मध्ये याच स्पर्धेच्या दोन सामन्यांच्या अंतिम फेरीत हेच दोन संघ समोरासमोर आले. राष्ट्राध्यक्ष माउरिसिओ माक्री, जे एकेकाळी बोकाचे अध्यक्ष होते, त्यांनी जाहीर केलं की दोन्ही सामन्यांना पाहुणे समर्थक यावेत. दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांना ते नको होतं आणि कल्पना बारगळली. बोकाचे समर्थक मोनुमेंटालवरच्या दुसऱ्या सामन्याला जाऊ शकणार नव्हते म्हणून त्यांनी दोन दिवस आधी संघाच्या सरावालाच बोंबोनेरा तुडुंब भरून टाकलं. २४ नोव्हेंबरला मोनुमेंटालकडे निघालेल्या बोकाच्या बसवर रस्त्यात दगड-बाटल्या पडल्या, काचा फुटल्या, खेळाडू जखमी झाले. शेवटी ९ डिसेंबरला तो सामना माद्रिदच्या सांतियागो बेर्नाबेउवर झाला. रिव्हरने ३-१ असा जिंकला. साठ हजारांवर प्रेक्षक होते, दोन्ही क्लबांचे, दोन टोकांना बसलेले. दहा हजार किलोमीटरवर, महागडं विमानतिकीट काढून, बोका आणि रिव्हरचे लोक एका छताखाली सामना पाहू शकले. स्वतःच्या शहरात ते शक्य नव्हतं.

मग बंदी टिकली कशी? पोलिसांना काम कमी झालं, कारण दोन गर्दींना वेगवेगळ्या वाटांनी आणायचं, मध्ये रिकामी जागा सोडायची, सामन्यानंतर एकांना थांबवून ठेवायचं, हे सगळं गेलं. बंदोबस्ताचा खर्च क्लबला भरावा लागतो, तो घटला. आणि मोठ्या क्लबांचे सभासद स्टेडियमच्या आसनांपेक्षा कितीतरी जास्त असल्याने पाहुण्यांची गॅलरी आपल्याच सभासदांना देता आली. सुरुवातीच्या वर्षांत सामने सरकारी योजनेमुळे टीव्हीवर फुकट दिसत होते, त्यामुळे घरी बसलेल्यांचा रागही सौम्य राहिला. २०१७ मध्ये ती योजना बंद झाली आणि घरबसल्या पाहण्यालाही पैसे पडू लागले. गैरसोय फक्त प्रवास करणाऱ्या समर्थकाची होती, आणि निर्णय घेणाऱ्या बैठकीत त्याला खुर्ची नव्हती.

दरम्यान नियमातच फटी होत्या. २०११ पासून पुन्हा सुरू झालेल्या कोपा अर्जेंटिना या देशांतर्गत चषक स्पर्धेत सामने तिसऱ्याच शहरात होतात आणि अनेक लढतींना दोन्ही बाजूंचे समर्थक येतात. लिबर्तादोरेससाठी बोकाचा माणूस ब्राझीलला, चिलीला, पाराग्वेला उजळ माथ्याने जाऊ शकत होता. अवेयानेदाला मात्र त्याला बोकाचा निळा-पिवळा शर्ट पिशवीत दडवून जावं लागायचं.

जुलै २०२५ मध्ये संघटनेचे अध्यक्ष क्लाउदिओ तापिया यांनी पाहुण्यांना टप्प्याटप्प्याने परत आणण्याचं जाहीर केलं. १९ जुलैला पहिला सामना झाला तो लानुसच्या मैदानावर. २०१३ मध्ये ज्यांचा माणूस गेला, तो हाच क्लब. रोसारियो सेंट्रलचे काही हजार समर्थक रोसारियोहून उघडपणे आपले रंग घालून आले. महिनाभरातच, २० ऑगस्टला, अवेयानेदात इंडिपेंडिएंते आणि चिलीचा युनिव्हर्सिदाद दे चिले यांच्यातल्या कोपा सुदामेरिकाना या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या सामन्यात भयंकर प्रकार घडला. वरच्या गॅलरीतल्या पाहुण्यांनी खाली वस्तू फेकल्या आणि बराच वेळ कोणी त्यांना आवरलं नाही. मग यजमानांची टोळी वर घुसली आणि मागे राहिलेल्यांना तिने निर्दयपणे मारलं. एक जण जीव वाचवताना वरून खाली पडला. सामना रद्द झाला आणि इंडिपेंडिएंतेला स्पर्धेतून काढण्यात आलं.

त्या रात्रीनंतर पुन्हा बंदीची मागणी झाली. पण विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. यजमानांच्या डोक्यावरच्या गॅलरीत पाहुण्यांना कोणी बसवलं, फेकाफेक सुरू झाल्यावर पोलीस कुठे होते, आणि टोळीला त्या गॅलरीचं दार उघडं कसं सापडलं?