मुलांना लिंक देऊन झाली, आता पुढे काय?

वर्गात कॉम्प्युटर आले, नेट आलं आणि शोधून शिकणं एकदम सोपं वाटायला लागलं. विषय फळ्यावर लिहायचा, नेटवर शोधा म्हणायचं, तासाच्या शेवटी अर्धं पान घ्यायचं. अशा तासाला मुलं नक्की काय करतात ते जरा मागे उभं राहून बघा, पहिली लिंक उघडतात, पहिला परिच्छेद उचलतात, दोन शब्द इकडचे तिकडे करतात आणि उरलेला वेळ गप्पा. मुलांना कशाला बोल लावायचा, प्रश्नच असा दिलेला की उत्तर कॉपी-पेस्ट होतं.

ही अडचण तशी जुनीच. सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या बर्नी डॉज यांनी 1995 मध्ये वेबक्वेस्ट नावाचा प्रकार काढला, त्यात साइट्स शिक्षकच आधी निवडून ठेवतो, म्हणजे मुलांचा वेळ शोधाशोधीत न जाता मिळालेल्या माहितीचं काय करायचं यात जातो, आणि काम असं असतं की चार ठिकाणचं वाचून काहीतरी ठरवावंच लागतं, जसं की या गावाला पाणी कुठून आणावं. उचलायला आयतं उत्तरच नाही!

आता कोणी म्हणेल, एवढं हाताला धरून नेलं तर शोध कसला? प्रश्न रास्त आहे. पण नवशिक्या मुलाची वर्किंग मेमरी, म्हणजे विचार करताना गोष्टी डोक्यात धरून ठेवायची जागा, लहान असते, एका वेळी तीन-चार नव्या गोष्टीच त्यात कशाबशा मावतात, आणि नवी स्क्रीन, नवे शब्द, कुठलं बटण दाबायचं यातच ती भरली तर विचाराला जागा उरत नाही. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांचा 2004 चा अभ्यास यावर फार बोलका आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून गोळे सोडून बघायचं होतं की गोळा किती लांब जातो ते कशाने ठरतं. एका गटाला साहित्य देऊन मोकळं सोडलं, दुसऱ्याला कुठली मांडणी चालते, कुठली नाही आणि का, हे दाखवून समजावलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही युक्ती मोकळ्या गटात 23 टक्के मुलांना जमली, दुसऱ्यात 77 टक्के. मात्र यावरून सरळ उत्तरंच सांगून टाका असा अर्थ काढणारे घाई करतात असं मला वाटतं. तिथे शिकवली ती प्रयोग मांडायची पद्धत होती, कुठला गोळा लांब जातो हे नव्हतं.

मग वर्गात हे कसं करायचं? लंबक घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग, फुकट आहेत, भौतिकीचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये ती सुरू केली, त्यात लंबकाचीही प्रयोगशाळा आहे. लांबी बदला, वजन बदला, गुरुत्वाकर्षणसुद्धा बदला. पण स्क्रीन उघडायच्या आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या, वजन दुप्पट केलं तर एक झोका, म्हणजे जाऊन परत येणं, लवकर होईल की उशिरा? बहुतेक मुलं काहीतरी फरक पडेल असंच लिहितात, आणि मग स्टॉपवॉच तोच आकडा दाखवतं तेव्हा खरी गंमत सुरू होते, कारण स्वतःच्या हाताने लिहिलेलं चुकलेलं असतं. हा अंदाज गाळला तर बाकी सगळं नुसतं बटणं दाबणं होतं.

मग लांबी. 25 सेंटीमीटरला एक झोका साधारण 1 सेकंदाचा, 1 मीटरला 2 सेकंदांचा. लांबी चौपट आणि वेळ मात्र दुप्पट, असं का? इथे शिक्षकाने गप्प बसायचं, जे फार अवघड असतं. मुलांनी मधल्या लांब्या घेऊन तक्ता करावा, आलेख काढावा, वर्गमूळ कुणीतरी बोलतंच, नाहीच बोललं तर एक इशारा द्यावा. त्याच सिम्युलेशनमध्ये 'प्लॅनेट एक्स' नावाचा ग्रह आहे, त्याचं गुरुत्वाकर्षण सांगितलेलं नाही, लंबक झुलवूनच शोधायचं. तोवर मुलांच्या हातात पद्धत आलेली असते, म्हणून इथे सूचना अगदी कमी ठेवायच्या.

आणि एखादं पोरगं लंबकाचा गोळा पार वर ओढून सोडणारच. गॅलिलिओला वाटायचं झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच. लहान कोनाला हे जवळजवळ बरोबर आहे, 10 अंशांना फरक कळतही नाही, पण 60 अंशांना वेळ सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो आणि स्क्रीनवर तो दिसतो. मग किती अंशांपर्यंत फरक नाही म्हणायचं? हे मुलांनाच ठरवू द्या, आणि याची वर्कशीट काही छापू नका.